दहा मिनिटांचा उजेड

सरकारी कामानिमित्त लंडनला जाण्याचा योग आला, तेव्हा एक दुपार मी व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयासाठी राखून ठेवली होती. अर्दबीलचा गालिचा तेथे आहे. प्रशस्त काचघरात तो जमिनीसरसा अंथरलेला आहे. रंग विटू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटे त्याच्यावर दिवे उजळतात. मी पोहोचलो ती वेळ अंधाराची होती.

दिवे लागले. गर्द निळ्या भूमीवर मधोमध पिवळे पदक, त्याच्या दोन्ही अंगांना टांगलेले दोन दीप आणि भोवती वेलबुट्टीचे रान! रेशमाच्या ताण्याबाण्यावर लोकरीच्या अडीच कोटींहून अधिक गाठी. एका टोकाच्या चौकटीत हाफिजच्या दोन ओळी, काशानच्या मकसूदचे नाव आणि हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४०, हे वर्ष. त्या ओळींत उंबरठ्याच्या आश्रयाची भाषा आहे. बदल्यांच्या गावी आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला तो शब्द चटका लावून गेला.

इराणातील अर्दबील येथील शेख सफींच्या दर्ग्यातला हा गालिचा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात आला. कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस याने त्याची शिफारस केली आणि १८९३ साली संग्रहालयाने तो २००० पौंडांना घेतला. पूर्वेच्या कारागिरीपुढे पश्चिमेच्या रसिकाने मान लवविली. देवघेवीचे याहून सुंदर उदाहरण कोणते, असे मलाही क्षणभर वाटले.

परंतु हा गालिचा एकटा नव्हता. त्याला जोड होता. दोन्ही जीर्ण झाले होते, म्हणून एकाचे तुकडे कापून दुसरा पुरा करण्यात आला. काठ गमावलेले ते भावंड पॉल गेटी यांनी १९५३ साली लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाला दिले. देवघेव म्हणताना आपण बहुधा घेणाऱ्याच्या दिवाणखान्यात उभे असतो.

मला आमचे गावाकडचे घर आठवले. वाटणीनंतर धाकट्या काकांचा भाग ओस पडला. आमचा सोपा खचू लागला, तेव्हा मी दिल्लीहून पत्र लिहून त्यांच्या भागाच्या तुळया मागितल्या. “हव्या तर घे,” असे त्यांचे एका ओळीचे उत्तर आले. आल्यागेल्याला मी तो सोपा कौतुकाने दाखवतो. तुळया कोठल्या, हे सांगत नाही. एकदा काका आले, आपल्या उरलेल्या जोत्यावर थोडा वेळ बसले आणि चहाही न घेता गेले.

दिवे मालवले. मी तेथेच थांबलो. पुन्हा उजेड झाला, तेव्हा नक्षी सोडून जोडाची शिवण शोधू लागलो. दहा मिनिटे संपली, तरी ती मला सापडली नाही. काम चोख झाले होते.

आमच्या सुताराचेही काम चोखच होते.