वालधुनीच्या उताराने

दोन चिमुकल्या विकसनशील देशांपैकी कोणत्या देशातील माणूस अधिक सुखाने जगतो, हे आयुर्मान, शिक्षण आणि दरडोई उत्पन्न या तीन रकान्यांवरून ठरवणारा तक्ता, महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० पासून रूढ झालेल्या पद्धतीचा, एका अर्थशास्त्रज्ञ स्नेह्यांनी माझ्यापुढे ठेवला. आणि हीच फूटपट्टी आपल्या बदलापूर-उल्हासनगरांना लावून पाहा, असे ते सहज बोलून गेले. शिलाहार राजांच्या काळच्या शिल्पाचे वेड मला जुनेच, आणि त्यांच्या काळचे देवालय या दोहोंच्या मधल्या अंबरनाथात असल्यामुळे एवढे निमित्त पुरे झाले.

मुक्काम बदलापुरास केला. खोली कोंदट, तिची एकुलती एक खिडकी शेजारच्या भिंतीवर उघडणारी. परंतु बाहेर पडताच दृष्टीस डोंगर पडतात, हवा मोकळी लागते. २००१ मध्ये ९७,९४८ असलेली इथली वस्ती २०११ मध्ये १,७४,२२६ झाली, ती मुंबईत न परवडणारे घर इथे परवडते म्हणून. मात्र त्या घराचा धनी पहाटेच्या लोकलमध्ये लोंबकळत जातो आणि मुले निजल्यावर परततो. त्या हरवलेल्या प्रहरांना तक्त्यात रकाना नाही. कोंडेश्वरचा धबधबा उभ्या उभ्या पाहिला आणि अंबरनाथ गाठले.

तिथल्या देवालयात मात्र दुपार कशी सरली ते कळले नाही. चहूबाजूंनी वर चढणाऱ्या पट्ट्यांमध्ये बसवलेली इवलीइवली शिखरे, पायऱ्या उतरून जावे लागणारा थंड गाभारा, आणि शक ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार मम्वाणिराजाच्या कारकिर्दीतील शिलालेख. आरंभीच्या वाचनात हा शक ७८२ असा लावला गेला होता. एका अंकाने देवालय दोनशे वर्षे मागे गेले होते. पांडवांनी ते एका रात्रीत उभारल्याची कथा सांगणाऱ्या वाटाड्याला मी थोडक्यात वाटेला लावले, पण सोबतच्या निवृत्त इतिहास-अध्यापकांशी वाद जुंपला. असे मंदिर उभे राहते तेव्हा मुलूख सुखी असलाच पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. मी म्हटले, यावरून खजिना भरलेला होता एवढेच सिद्ध होते. तो भरणाऱ्या कुळाच्या घरी रात्री चूल पेटली की नाही, हे कोणत्या शिलेवर कोरले आहे? ते म्हणाले, मग तुमच्या दरडोई उत्पन्नाने तरी ते कुठे कळते? यावर मला उत्तर सुचले नाही.

मंदिराला लागूनच वालधुनी नदी वाहते. अंबरनाथच्या कारखान्यांनी हजारोंना भाकरी दिली हे खरेच, पण त्यांचे सांडपाणी उताराने उल्हासनगरात जाते, आणि तिथल्या जीन्स रंगवणाऱ्या कारखान्यांनी त्यात वर्षानुवर्षे भर घातली. नोव्हेंबर २०१४ मध्ये कुणीतरी रात्री टँकरभर रसायन नदीत ओतले आणि काठावरची शेकडो माणसे गुदमरून रुग्णालयात गेली. एका गावाची मिळकत आणि दुसऱ्याचा आजार ही अशी एकाच पाण्यात मिसळलेली असताना दोन्ही गावांचे हिशेब निराळ्या चोपड्यांत मांडणे मला अन्यायाचे वाटते.

उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणी. फाळणीनंतर सुमारे लाखभर सिंधी निर्वासित तिच्या बराकींत येऊन पडले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे नगर झाले. आज अवघ्या तेरा चौरस किलोमीटरांत पाच लाखांवर माणसे राहतात. कॅम्पातल्या एका गल्लीत खाटेवर पापड वाळत घातले होते. राखण करणारे वृद्ध गृहस्थ आईचे बोट धरून इथे आलेले. बराकीत दोन बिऱ्हाडांमध्ये गोणपाटाचा पडदा असे, आणि त्या पडद्याआड त्यांच्या आईने पापड लाटून मुलांच्या फिया भरल्या.

या गृहस्थांच्या मुलाने बदलापुरात गच्चीचे घर घेतले आहे, तरी हे जात नाहीत. औषधाचे दुकान, गुरुद्वारा, हाक मारली तर धावून येणारी चार घरे, सारे इथे पावलावर आहे. तिथे दिवसभर बोलायला कोण, असे त्यांनी मलाच विचारले. तक्रार त्यांची एकच, नदीच्या वासाची. नदी स्वच्छ करण्याचे काम अंबरनाथने सुरू करावे की उल्हासनगरने, यावर दोन्हीकडचे नगरसेवक भांडतात असे ते म्हणाले, आणि दोघांनाही एका खोलीत कोंडून निकाल लागेपर्यंत बाहेर सोडू नये, अशी त्यांची मागणी होती.