आजीचे पैसे आणि चाव्यांची बासरी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या आईने वसईहून नातीच्या नावे चार हजार रुपये पाठविले. वाडीतील भाजी विकून शिलकीस टाकलेले ते पैसे होते. सोबत निरोप एवढाच की, पोरीला हवे ते वाद्य घेऊन द्यावे. नोकरीनिमित्त आमचे बिऱ्हाड भोपाळात आहे. कन्या येथील चर्चच्या गायकवृंदात गाते आणि बासरी शिकण्याचा तिने ध्यास घेतला होता.

जुन्या शहरातील एका दुकानी तिला हवी तशी बासरी दिसली. काळसर लाकडाची, तीन तुकड्यांची, अंगावर सहा चकचकीत चाव्या. किंमत चार हजारच! जणू आजीने मोजूनच पैसे धाडले होते. पोर ती हातची सोडीना.

मोह मलाही पडला, हे कबूल केले पाहिजे. या बासरीचे कुळ मोठे आहे. एकेकाळी युरोपात हिचाच प्रचार होता. सहा भोके बोटांनी झाकून मूळ सप्तक काढावयाचे आणि मधले कोमल-तीव्र स्वर चाव्यांनी. पुढे म्युनिकच्या थिओबाल्ड बोम याने १८३२ ते १८४७ या काळात भोकांची मांडणी व नळीचा आकार पालटला. आजची धातूची बासरी ही त्याच सुधारणेचे फळ होय.

सुदैवाने आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजविणारे एक वृद्ध गृहस्थ सोबत होते. त्यांनी बासरीचा वरचा तुकडा काढला, सहाही भोके बोटांनी झाकली, खालच्या तोंडावर पोरीला तळवा दाबून धरावयास सांगितले आणि वरून हवा ओढली. आत हवा कोंडून राहावयास हवी होती. पण बारीक सूं सूं असा आवाज आला.

"चावीखालची चामड्याची गादी भोकावर नीट बसत नाही," ते म्हणाले. "केसाएवढी फट राहिली तरी खालचे स्वर गुदमरतात. जाणत्या वादकाला दोष वाद्याचा आहे हे कळते. शिकाऊ मुलाला वाटते, आपल्यालाच श्वास नाही."

हे शेवटचे वाक्य माझ्या जिव्हारी लागले. चार हजार रुपये बुडाले तरी पुन्हा मिळवता येतील. पण आपल्याला येत नाही अशी एकदा पोरीची समजूत झाली, तर ती कोण काढणार? शिवाय भोपाळचा मे महिना लाकूड सुकवितो, जुलै ते फुगवितो. गाद्या व स्प्रिंगा पुनःपुन्हा जुळवाव्या लागणार आणि तसा कारागीर माझ्या माहितीत कोणी नव्हता.

त्याच दुकानी वेळूच्या बासऱ्या होत्या. उत्तर प्रदेशातील पिलीभीत गाव या कामासाठी प्रसिद्ध आहे. वेळूच्या बासरीला चावी नाही, म्हणून चावीखालून हवा गळण्याची भीतीही नाही. कोमल स्वर अर्धे भोक झाकून निघतात. पन्नालाल घोष (१९११–१९६०) यांनी अशाच साध्या वेळूला लांबी देऊन मैफलीत मानाचे स्थान मिळवून दिले.

पोरीचे डोळे भरून आले. "बाबा, ही तर जत्रेतली!" ती म्हणाली. मी वाद घातला नाही. ऑर्गनशी स्वर ताडून पाहून पांढरी एकची बासरी साडेतीनशे रुपयांस घेतली. उरलेली रक्कम तिच्याच नावे टपाल कचेरीत ठेविली.

दोन आठवडे नुसते फुंकणेच चालले होते. तिसऱ्या आठवड्यात एका सायंकाळी खालचा सा स्वच्छ व भरदार लागला. तिने तत्काळ वसईला फोन लावून आजीला तो ऐकविला. आजीने एवढेच विचारले, "पैसे पुरले का गं?"

वाचकहो, चाव्यांची बासरी वाईट, असे माझे म्हणणे नाही. वाद्यात कोठे हवा गळते हे ज्या दिवशी माझी कन्या स्वतः ओळखील, त्या दिवशी आम्ही पुन्हा दुकानाची पायरी चढू. तेव्हा मात्र खालच्या तोंडावर तळवा मी धरीन आणि हवा ती ओढून पाहील.