दर्शनी काच

"मावशी, गोल्डन गेट राहू दे, या खेपेला माझं गाव बघ," भाचा म्हणाला. राहतो सॅन होजेला, पण गाव म्हणतो ते सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅस्ट्रोला. तो समलिंगी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. भावजी तेवढे अजून ऐकू न आल्यासारखं करतात. तर शनिवार-रविवार त्याच्या गावाला दिला.

मार्केट स्ट्रीटवरून जुनी ट्राम जिथे संपते, तिथेच कोपऱ्यावर 'ट्विन पीक्स' नावाचा बार आहे. आत साठी-सत्तरीचे पुरुष खिडकीशी बसून रहदारी बघत होते, आपल्याकडे पारावर बसतात तसे. यात बघायचं काय, असं वाटलं. बघायची होती ती काच. पूर्वी समलिंगींच्या बारना रस्त्याकडे उघडी खिडकीच नसे. पोलिसांची धाड पडे, नाव छापून आलं की नोकरी जाई. दोन मैत्रिणींनी हा बार घेतला आणि 1972 मध्ये रस्त्याकडेला आरपार दिसणाऱ्या मोठ्या काचा बसवल्या. सांगलीत आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. दर्शनी काचेवर माणूस किती विचार करून पैसा घालतो, ते मला माहीत आहे.

कॅस्ट्रो मुळात आयरिश कामगारांची वस्ती. ती कुटुंबं उपनगरांकडे गेली, घरं स्वस्त झाली आणि समलिंगी मुलं आली. त्यांचा पुढारी हार्वी मिल्क, त्यानं 1973 मध्ये इथेच कॅमेऱ्याचं दुकान थाटलं. 1977 मध्ये तो शहराच्या कारभारी मंडळावर निवडून आला आणि पुढच्याच नोव्हेंबरात महापौरांबरोबर सिटी हॉलमध्ये त्याचाही खून झाला. त्याच्याविषयी बोलताना सगळ्यांचा सूर हुतात्म्याविषयी बोलावं तसा असतो. मला आवडलं ते त्याचं व्यापारी डोकं. जुन्या व्यापाऱ्यांना समलिंगी दुकानदार नको होते, तर यानं निराळा संघ चालवला, 1974 मध्ये रस्त्यावर जत्रा भरवली. ट्रकचालकांच्या युनियनसाठी बारमधून कूर्स बिअर बंद करवली आणि बदल्यात आपल्या मुलांना ट्रक चालवायच्या नोकऱ्या मागितल्या. आमच्या पेठेत हे कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी घालवला तो 'क्लिफ्स व्हरायटी'त. 1936 पासूनचं दुकान. खिळे, कुलपं, रंगाचे डबे आणि त्याच छपराखाली नटूनथटून नाचणाऱ्यांसाठी पिसांचे झुबकेदार गळपट्टे! गिऱ्हाईक जे मागेल ते ठेवायचं, हा धंद्याचा पहिला नियम. भाचा बाहेर ताटकळला होता.

पुढच्या कोपऱ्यावर मात्र तो स्वतःच थांबला. 1981 मध्ये इथल्या औषधाच्या दुकानाच्या काचेवर बॉबी कॅम्पबेल नावाच्या माणसानं स्वतःच्या अंगावरच्या जांभळ्या डागांचे फोटो लावले होते. असे डाग दिसले तर डॉक्टरकडे जा, हे सांगायला. तेव्हा त्या आजाराला एड्स हे नावही पडलेलं नव्हतं. कॅम्पबेल पेशानं नर्स; 1984 मध्ये तोही गेला. इथल्या 'बे एरिया रिपोर्टर' साप्ताहिकात मृत्युलेख नसलेला अंक निघायला 13 ऑगस्ट 1998 उजाडावं लागलं. सतरा वर्षांत पहिल्यांदाच.

रविवारी टेंडरलॉइन. भाचा आढेवेढे घेत होता, कारण वस्ती गरीब, फुटपाथवर तंबू, नशेत पडलेली माणसं. पण टर्क आणि टेलर रस्त्यांच्या चौकात कॉम्प्टन्स नावाचं रात्रभर चालणारं कॅफेटेरिया होतं. ऑगस्ट 1966 मध्ये तिथे एका पोलिसानं एका ट्रान्स बाईला हात घातला आणि तिनं त्याच्या तोंडावर कॉफी फेकली. मग कपबशा उडाल्या, काचा फुटल्या. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमधल्या समलिंगींच्या गाजलेल्या उठावाच्या तीन वर्षं आधी! 2017 मध्ये शहरानं या भागाला ट्रान्सजेंडर डिस्ट्रिक्ट म्हणून मान्यता दिली, पण पर्यटक अजून कॅस्ट्रोतच फोटो काढतात. आणि त्या कॅस्ट्रोत भाड्यानं खोली घेणं इंजिनियर असलेल्या माझ्या भाच्यालाही झेपत नाही.

"ताई येईल तेव्हा तिला आधी इथे आण," मी म्हटलं.

"आईला? इथे?"

"जन्म सिव्हिलच्या वॉर्डात काढलाय तिनं. तू तुझं बघ. आणि त्या नर्सची गोष्ट तिला नीट सांग, मला सांगितलीस तशी उभ्या उभ्या नको. भावजींना बसव पारावर, त्या म्हाताऱ्यांबरोबर."