इंटरनेटची रोजकीर्द

घरातील इंटरनेट मंदावले की दोषी माणूस लगेच सापडतो. पुरावा शोधण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. बँकेत याच्या उलट शिकवण होती. सायंकाळी रोख जुळली नाही तर प्रथम रोखपालाकडे बोट दाखवायचे नाही, हा शिरस्ता आम्हांला नोकरीच्या पहिल्याच वर्षी घालून दिला गेला. आधी व्हाउचरे पुन्हा लावून पाहायची. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी ५४ चे ४५ झाले असण्याचा संभव मोठा. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची. नावेची रक्कम जमेकडे पडली असेल तर ती तेथे हमखास सापडते. एवढे करूनही मेळ बसला नाही, तर मग माणसांकडे वळायचे.

सांगलीतील आमच्या घरात तीन पिढ्या एका छपराखाली नांदतात. चिरंजीवांचा हळदीचा व्यापार आहे आणि त्याचे हिशेब, ई-वे बिले, जीएसटीची विवरणपत्रे हे सारे काम सूनबाई घरूनच पाहतात. गेल्या दिवाळीनंतर सायंकाळी आठ ते साडेदहा या वेळेत इंटरनेट अडखळू लागले. मधूनच ते पूर्ण तुटे आणि मिनिट-दोन मिनिटांनी परत येई. पुढच्याच महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ भरताना पान तीन वेळा अर्ध्यावर थांबले. अखेर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्री पावणेबाराला विवरणपत्र दाखल झाले. हे विवरणपत्र चुकले की विलंब शुल्काचे रुपये पन्नास-शंभर ही गोष्ट गौण असते. खरेदीदाराच्या त्या महिन्याच्या २बी मध्ये आपले बील दिसत नाही, त्याची वजावट अडकते आणि दुसऱ्या दिवशी त्याचा फोन येतो. पेढीची पत अशा फोनांनी झिजते, हे व्यापारी कुटुंबांना मी सांगावयास नको.

त्या रात्री घरातील सर्वांनी एकमताने निकाल दिला: नातवाचे गेम. तो दहावीत आहे आणि सायंकाळी अभ्यास आटोपून तासभर खेळतो. त्याचा मोबाइल कपाटात गेला. पोरगा काही बोलला नाही. जेवणाच्या ताटावर मान खाली घालून बसला. मी चिरंजीवांना इतकेच म्हणालो, “मला पंधरा दिवस द्या. तोवर कोणाला काही बोलू नका.”

माझ्याकडे जाड पुठ्ठ्याचे एक कोरे रजिस्टर होते. त्यात रकाने आखले: तारीख, वेळ, खोली, तारेने की वायफायने, उतरण्याचा वेग, चढण्याचा वेग, पिंग, आणि त्या वेळी घरात कोण काय करीत होते. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ अशा तीन नोंदी रोज. मोजण्यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे ट्रायचे, मायस्पीड हे ॲप आहे, इतरही आहेत. मात्र रोज एकच साधन वापरावे. तराजू दररोज बदलला तर मापाला अर्थ उरत नाही.

येथे एककाचा एक घोळ दूर करतो. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते आणि संगणकावरील फाइल मेगाबाइटमध्ये मोजलेली असते. आठ बिटांचा एक बाइट. म्हणून २०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त २५ मेगाबाइट उतरतात. माझे एक स्नेही या हिशेबाने कंपनीने आपल्याला आठपटीने फसविले असे वर्षभर समजत होते. क्विंटल आणि मण यांत गल्लत करणाऱ्याशी आपण व्यवहार करणार नाही, पण येथे ती सर्रास होते.

पहिली तपासणी तारेने. लॅपटॉप थेट राउटरला केबलने जोडायचा आणि बाकी सर्व उपकरणे बंद करायची. वायफायवर मोजलेला वेग हा घराच्या भिंतींचाही हिशेब असतो. केवळ कंपनीचा नसतो. आमची योजना २०० ची. पहाटे सहाला, घर झोपलेले असताना, तारेवर आकडा आला ९४. दुसऱ्या दिवशी ९४, तिसऱ्या दिवशीही ९४. असा जागचा न हलणारा आकडा हा बँकेतल्या नऊच्या फरकासारखा बोलका असतो. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिट वेगासाठी चारही लागतात. एखादी जोडी तुटली तर यंत्रे आपसांत समझोता करून १०० वर उतरतात आणि प्रत्यक्षात ९४-९५ हाती लागतात. केबल दाराच्या चौकटीत चेपलेली होती. नवी आणली आणि दुसऱ्या पहाटे आकडा १९३ झाला. हा दोष लॅपटॉपपुरता होता; पण त्याच टेबलावर सूनबाई काम करतात आणि त्याच केबलवर.

मग वायफाय. आमचे घर जुने, भिंती दीड हात जाडीच्या, आणि राउटर बसविणाऱ्या मुलाने तो पुढच्या खोलीत लोखंडी तिजोरीच्या मागे ठेवला होता. त्याला तेथे प्लग जवळ पडला. बिनतारी लहरींना धातू अडवतो आणि जाड भिंत शोषून घेते. पुढच्या खोलीत १८०, स्वयंपाकघरात २२, मागच्या खोलीत ६, असे आकडे आले. मागची खोली नातवाची. म्हणजे ज्याच्यावर सगळा वेग खाल्ल्याचा आरोप होता, त्याच्या ताटात सर्वांत कमी पडत होते.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर दूरवर जाते, भिंतीतूनही बऱ्यापैकी निभावते, पण तिचा वेग कमी आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या राउटरांची तेथे गर्दी. ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण भिंतीपुढे हतबल. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. आमच्या आळीतील बहुतेक राउटर ६ वर होते, म्हणून आमचा ११ वर नेला. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्टीत चालतो. आमच्या घरी तो नाही, पण ज्यांच्याकडे आहे त्यांनी दूध तापविताना व्हिडिओ कॉल अडखळतो का, ते अवश्य पाहावे. राउटर मधल्या बोळात डोक्याच्या उंचीवर बसविला. मागच्या खोलीत ६ चे ४८ झाले. खर्च एक एक्स्टेन्शन बोर्ड आणि दोन खिळे.

तरीही रात्रीचा प्रश्न सुटला नव्हता. रात्री नऊला तारेवरसुद्धा ३० च्या आसपासच वेग मिळत होता. घरात वापर कोणाचा किती, हे पाहिले. खेळ चालू असताना डेटा अगदी थोडा लागतो. गेमची नवी आवृत्ती उतरविताना मात्र तो गिगाबाइटमध्ये जातो. उंची प्रतीच्या चित्रपटाला सेकंदाला सुमारे ५ मेगाबिट पुरतात, फोर-के असेल तर १५ ते २५. चढण्याच्या रकान्यात एक रात्र अगदी वेगळी निघाली. आमच्या सौभाग्यवती एका लग्नाहून आल्या होत्या आणि त्यांच्या मोबाइलमधील शेकडो छायाचित्रे व चित्रफिती आपोआप वर चढत होत्या. चढणीचा मार्ग भरला की उतरणीच्या विनंत्याही रांगेत अडकतात आणि पिंग, म्हणजे हाकेला उत्तर येण्याचा वेळ, कैक पटींनी वाढतो. तो बॅकअप आता रात्री दोनला चालतो. त्यांना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे आता माझा मोबाइल कपाटात का?”

निर्णायक नोंद मात्र अनपेक्षितपणे मिळाली. नातू तीन दिवस कोल्हापूरला आजोळी गेला. त्या तीन रात्रींचे तारेवरील आकडे ३१, २७, ३४. आदल्या तीन रात्रींचे, तो घरी असतानाचे, ३२, २९, ३०. रजिस्टर चिरंजीवांपुढे ठेवले. त्यांनी ते पान दोनदा वाचले, उठले आणि मोबाइल कपाटातून काढून चार्जिंगला लावला.

दोष घराबाहेर आहे हे कंपनीला पटवून देण्यासाठी आणखी एक चाचणी केली. संगणकाच्या काळ्या खिडकीतून एकीकडे राउटरच्या पत्त्याला आणि दुसरीकडे बाहेरच्या ८.८.८.८ या पत्त्याला सतत पिंग लावायचे. राउटर प्रत्येक हाकेला एक-दोन मिलिसेकंदांत ओ देत असेल आणि त्याच क्षणी बाहेरच्या हाका हरवत असतील, तर खोट उंबरठ्यापलीकडची. आमची तशीच होती. शिवाय राउटरच्या पानावर फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाची पातळी दिसते. ती उणे २७.६ डीबीएम होती. यंत्राची सहनशक्ती साधारण उणे २७ पर्यंत असते. वाऱ्याने तार हलली की प्रकाश त्याखाली जाई आणि जोडणी तुटे.

“नेट स्लो आहे” ही तक्रार नव्हे. तो सुस्कारा आहे. मी आकडे लिहून दिले आणि तक्रार क्रमांक घेतला. दोन दिवसांनी कोणीही न येता “तक्रार निवारण झाले” असा संदेश आला. कंपनीचे नाव घेत नाही. ट्रायच्या २०१२ च्या नियमावलीप्रमाणे ग्राहकाला दोन पायऱ्या आहेत: प्रथम तक्रार केंद्र, आणि समाधान न झाल्यास ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील, ज्याचा निकाल ३९ दिवसांत लागावा लागतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी ऐकत नाही. अनेक जण तेथे पत्र धाडून वाट पाहत बसतात. मी रजिस्टरच्या पंधरा दिवसांच्या पानांची छायाप्रत जोडून अपील केले.

आठवड्याच्या आत एक तंत्रज्ञ आला. मुलगा शहाणा होता. त्याने पाने चाळली आणि थेट गच्चीवर गेला. कठड्यापाशी पत्र्याच्या कडेखाली फायबर काटकोनात दबली होती. काचेच्या तंतूला असा बाक सोसत नाही; प्रकाश वळणावरच बाहेर सांडतो. त्याने तेवढा भाग कापून नवा जोड दिला. पातळी उणे २१.४ वर आली. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्या हिशेबाने आता चौपटीहून अधिक प्रकाश घरात येत होता. जोडणी तुटणे त्या दिवसापासून थांबले.

रात्रीची मंदी ही निराळी बाब. एका फायबरवरील सुमारे २.५ गिगाबिट वेग ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, आणि त्याच्याही पुढे कंपनीचा बाहेरचा मार्ग सामाईक असतो. सर्वांनी एकाच वेळी पूर्ण वेग मागितला तर तो कोणालाच मिळणार नाही. सगळे ठेवीदार एकाच सकाळी खिडकीशी उभे राहिले तर कोणत्या शाखेत तेवढी रोख असते? पण गर्दी रोजची झाली तर रोकड वाढविणे हे शाखाधिकाऱ्याचे काम असते. अपिलाच्या उत्तरात मार्गाची क्षमता वाढविल्याचे कळविले गेले. सध्या रात्री नऊला ११० ते १३० मिळतात. दोनशे नाहीत. सूनबाईंचे काम त्यात निर्वेध होते, तरी ११ तारखेचे विवरणपत्र त्या आता ९ लाच दुपारी भरतात, आणि ते उत्तमच आहे.

रजिस्टर चालू आहे. रात्रीची नोंद नातू करतो. त्याने एक रकाना वाढविला आहे, प्रकाशाच्या पातळीचा, आणि माझी वेळ लिहिण्याची पद्धत बदलून नऊच्या जागी २१.०० असे लिहावयास सुरुवात केली आहे. परवा पावसात आकडा उणे २२.१ झाला तेव्हा त्याने शेरा लिहिला, “गच्चीवरचा जोड पाहणे.” जोड कोरडा होता. आणखी चार दिवस पाहू.