ते पान कपाटातून काढ

हिवरखेड, ता. तेल्हारा
नोव्हेंबरचा दुसरा सोमवार

चि. बेबीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र शनिवारी दुपारी आलं. मावशीने ते उभ्यानेच वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं. पत्राची पहिली तीन पानं वाचून बरं वाटलं. चौथ्या पानावर मात्र तू लिहितेस, वाचनाच्या तासाला मागच्या बाकावरच्या पोरट्याकडून वर्तमानपत्राचं खेळाचं पान काढून घेतलं आणि कपाटात कुलपात ठेवलं. लगेच खाली विचारतेस, पाचवीच्या लेकरांना वाचनाची गोडी लागेल अशी पाच पुस्तकं कळव.

पुस्तकांची नावं दोन ओळींत लिहून होतील. आधी ते पान कपाटातून काढ, बाप्पा.

दुसऱ्या पानावर तूच लिहिलंस की हा पोरगा धड्याच्या तिसऱ्या ओळीला अडतो आणि मान खाली घालतो. तोच पोरगा दप्तराआड लपवून पान वाचत होता. भारताच्या मुलींच्या संघाने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला त्याच्या दुसऱ्या दिवशीचं पान! त्यावर हरमनप्रीत होती, स्मृती होती, उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा करणारी जेमिमा होती. तू म्हणशील, फोटो पाहत होता. पाहू दे. फोटोखालची ओळ वाचल्याशिवाय कोणत्या लेकराला चैन पडते? ‘हरमनप्रीत’ हा शब्द एकदा मोठ्याने म्हणून बघ, आणि तुझ्या धड्यातला कोणता शब्द त्याहून अवघड आहे ते कळव.

तू स्वतः पाटीवर अक्षरं शिकलीच नाहीस. स्टेशनच्या फलकावर शिकलीस, खंडव्याच्या छोट्या गाडीची वाट पाहत. बोट लावून हि, व, र, खे, ड. गाडी येणार होती, तिच्यातून मामा उतरणार होता, म्हणून ती अक्षरं तुला हवी होती. ती मीटरगेज गाडी बंद होऊन आता किती वर्षं झाली, पण मावशी शिकवायला उभी राहिली की तोच फलक डोळ्यांपुढे यायचा.

खेळाच्या पानावर काय असतं ते नीट पाहा. सुवर्ण, कांस्य, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, विक्रम, उपांत्य, निर्णायक. रफार आहे, जोडाक्षरं आहेत. बालभारतीच्या पुस्तकात ज्यांच्यापाशी लेकरं ठेचकाळतात ते सगळं आहे. शिवाय तक्ता आहे, दशांश आहेत. बर्मिंगहॅमच्या २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने तीन हजार मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत पूर्ण केली. पहिल्या आलेल्या केनियाच्या धावपटूची वेळ होती ८ मिनिटं ११.१५ सेकंद. १९९८पासून या शर्यतीची तिन्ही पदकं केनिया कोणाला देत नव्हता. फळ्यावर फक्त हे दोन आकडे लिही आणि विचार, साबळे किती मागे राहिला? दशांशाची वजाबाकी न येणारं पोरगंही पाच शतांशावर येऊन थांबेल, आणि मग चुटकी वाजवून पाहील की एवढ्यात चुटकी तरी वाजते का. सहा किलोमीटर चालत-पळत शाळेत जाणारा पोरगा सैन्यात गेला, सियाचिनला राहिला, हे त्याला आकड्यांनंतर सांग. आधी नको.

आता मुख्य गोष्ट. तुझ्यावरचा राग खरं तर इथून येतो.

खेळाडूंच्या गोष्टी तुम्ही मास्तर-मास्तरणी सांगताच. पण त्या गुळगुळीत करून सांगता. गरीब घर, जिद्द, मेहनत, पदक, टाळ्या. खाशाबा जाधव असो की कविता राऊत, नाव बदललं की गोष्ट तीच. लेकरू पहिल्या ओळीला शेवट ओळखतं. शेवट कळला की वाचायचं कशाला?

खाशाबांचीच घे. कराडजवळचं गोळेश्वर, जन्म १५ जानेवारी १९२६. त्या दिवशी आता राज्य क्रीडा दिन असतो, म्हणजे जानेवारीत तुला परिपत्रक येईलच. पण १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हा मल्ल सहावा आला, हे किती जण सांगतात? मातीत वाढलेला गडी तिथे गादीवर उतरला, ती गादी त्याच्या सवयीची नव्हती. १९५२ला हेलसिंकीला जायचं तर आधी निवडीसाठीच भांडावं लागलं, आणि निवड झाल्यावर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर सात हजार रुपयांना गहाण टाकलं. प्राचार्याने विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकलं! हे वाक्य वर्गात वाचलंस की थांब. ‘गहाण’ म्हणजे काय, हे आपल्या वऱ्हाडातल्या लेकरांना समजावून सांगावं लागत नाही. सात-बारा कोणाकडे पडून आहे, सावकार केव्हा येतो, हे त्यांना तुझ्याहून जास्त ठाऊक आहे. त्या एका शब्दाने हेलसिंकी तेल्हाऱ्याच्या बाजारापाशी येते.

पुढे हेलसिंकीत जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती झाली, ती खाशाबा हरले. लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला पुकारा झाला. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता, पण तो बोलून दाखवायला आपला एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेला माणूस पुन्हा उभा राहिला आणि हरला. कांस्यपदक मिळालं ते असं, दोन कुस्त्या हरून. गावी आल्यावर कराड स्टेशनपासून १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एवढ्या गाड्या ओळीने लावल्या तर रांग आपल्या गावच्या वेशीपासून कुठपर्यंत जाईल, हे पोरांना मोजायला लाव. ते स्वतः वही काढतील.

मिरवणुकीपाशी गोष्ट थांबवू नको मात्र. पुढे पोलिसात नोकरी, १९८४ला रस्त्यावर अपघाती मृत्यू, अर्जुन पुरस्कार मेल्यावर. पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक महाराष्ट्राला पॅरिसला मिळालं, २०२४मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेच्या नेमबाजीने. मध्ये बहात्तर वर्षं गेली. मावशीच्या वर्गात खाशाबांचा शेवट वाचताना एक पोरगी म्हणाली होती, ‘मंग त्याईले जिते असताना काऊन नाही देल्लं?’ त्या पोरीला वाचन येत नाही असं आदल्या वर्षीच्या शेऱ्यात लिहिलेलं होतं. आकलनाचे प्रश्न छापून आणतेस ना? त्या सगळ्या प्रश्नांत हा प्रश्न कुठे आहे ते दाखव.

आणखी एक. काही ठिकाणी खाशाबांबद्दल ‘भारताचे पहिले वैयक्तिक पदकविजेते’ असं लिहितात, काही ठिकाणी ‘स्वतंत्र भारताचे’. दोन्ही कात्रणं शेजारी ठेव. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्डने दोन रौप्यपदकं घेतली होती, हे तिसऱ्या चिठ्ठीवर लिही. एका ‘स्वतंत्र’ शब्दाने वाक्य खरं कसं होतं, हे दहा वर्षांच्या पोराला शोधू दे. ज्याला तो शब्द सापडला, त्याने पुढे पीक विम्याचा कागद सही करण्याआधी वाचला नाही असं व्हायचं नाही. मावशीचा हट्ट आहे तो एवढाच, की गोष्ट खरी असावी, पडताळता येईल अशी असावी, आणि तिच्यातली हार झाकू नये. परीच्या गोष्टीत लेकरू ‘खरंच?’ असं विचारत नाही. इथे विचारतं, आणि ते तपासायला पुन्हा वाचावं लागतं.

खरी गोष्ट अवघडही असते, म्हणून तर तुम्ही गुळगुळीत करता. क्रिकेटपटू पालवणकर बाळू यांची वर्गात सांगून पाहा. अस्पृश्य म्हणून पुण्यात त्यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा, आणि मैदानात मात्र चेंडू त्यांच्याच हातात द्यावा लागायचा. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल १९२३ला हिंदू संघाचे कप्तान झाले आणि पुढे त्यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ मराठीत लिहिलं. इथवर पोरं टाळ्या वाजवतील. मग सांग की १९३७च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेब आंबेडकरांच्या विरुद्ध उभे राहिले आणि पडले. आपल्या वस्त्यांतल्या लेकरांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. वर्ग सुन्न होईल. उत्तर द्यायची घाई करू नको. दोन्ही माणसं मोठी आणि दोघं समोरासमोर, हे पेलत लेकरांनी पान उलटावं. काही पोरं चिडतील. चिडून वाचलेलं विसरत नाही.

आणि गरिबीचा तो साचा टाकून दे. नागपूरच्या दिव्या देशमुखचे आईवडील डॉक्टर. २०२५च्या जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला तिने बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत कोनेरू हम्पीला हरवलं आणि एकोणिसाव्या वर्षी थेट ग्रँडमास्टर झाली. ती आपल्या विदर्भाची, हे तुझ्या वर्गातल्या पोरींना ठाऊक आहे का? धावायला न येणारी, दम लागणारी पोरगीही त्या गोष्टीत शिरते. नाशिकच्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुलमध्ये दहा हजार मीटरला कांस्य घेतलं. ते मेळघाटातून आलेल्या लेकरांसाठी ठेव. त्यांची घरची बोली कोरकू. मराठीचा त्यांच्या भाषेशी नातेसंबंध नाही, म्हणजे पुस्तकातलं प्रत्येक पान त्यांना परकं. डोंगरातल्या पाड्यावरची पायवाट तरी ओळखीची असू दे.

अमरावतीचं तर तू सांगितलंच पाहिजेस. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ला वैद्य बंधूंनी काढलं, आणि १९३६ला इथली मंडळी बर्लिनला गेली. जिथे जेसी ओवेन्स चार सुवर्णपदकं जिंकला, जिथे ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला ८-१ हरवलं, त्याच बर्लिनमध्ये आपल्या वऱ्हाडी गड्यांनी हुतूतू खेळून दाखवला. शाळेच्या अंगणात रोज खेळतात तो हुतूतू! नकाशावर अमरावतीवर एक बोट आणि बर्लिनवर दुसरं, असं ठेवून वाचायला सांग.

तू म्हणशील, मावशीला घड्याळ कळत नाही. अभ्यासक्रम आहे, चाचण्या आहेत, केंद्रप्रमुख आहेत. कळतं ग. २०२४च्या ‘असर’ पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या पाचवीच्या मुलांपैकी ४४.८ टक्क्यांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. अर्ध्याहून जास्त लेकरं पाचवीत बसून दुसरीच्या पानापाशी अडलेली. हा आकडा वाचल्यापासून मावशीला झोप येत नाही, आणि तुझ्या कपाटातल्या कुलपाची गोष्ट वाचून तर मुळीच नाही. तुला वाटतं तू शिस्त लावलीस. तो पोरगा घरी जाऊन काय म्हणाला असेल? ‘बाईनं पेपर हिसकला.’ त्याच्या घरात पेपर येत नसणार. कुठल्या हॉटेलात भज्याखालून आणला असेल, कुठल्या दुकानातून मागून घेतला असेल, हे तू विचारलंस का?

शिवाय ही वेचणीची वेळ. पांढरं सोनं फुटलंय, बाया भल्या पहाटे वावरात जातात, आणि धाकट्याला सांभाळायला किंवा ओंजळभर कापूस वेचायला पाचवीतलं पोरगं घरी राहतं. आठवड्यात दोन दिवस शाळेत न येणारा हा मुलगा ज्या दिवशी आला त्या दिवशी त्याच्याजवळ एक पान होतं. उद्यापासून तो आलाच नाही तर? दिवाळीनंतर गळालेली पोरं परत येत नाहीत, तुझ्या मावशीने तीस हजेरीपटांवर ते पाहिलंय. वही उघडून बघ, त्या दिवसानंतर त्याच्या नावापुढे काय आहे.

आता फोनवर सगळ्यांनाच खेळाडूंच्या चित्रफिती दिसतात, त्यात कोणीही कोणाच्या तोंडी काहीही घालतं. लेकरांनी एकदा तरी छापलेलं आणि तपासलेलं हातात धरलं पाहिजे, नाहीतर खरं-खोटं ओळखायचं शिकणार कुठे?

सोबत तीन कागद पाठवलेत, मोठ्या अक्षरात, ओळीत अंतर ठेवून. साबळेचा एक, दिव्याचा एक. खाशाबांचा अर्धाच आहे. हेलसिंकीत दुसऱ्या कुस्तीचा पुकारा होतो तिथे तोडलाय. हा कागद त्या पोरालाच दे, आणि कपाटातलं पानही. सगळ्यांसमोर दे. मग पुढचा अर्धा त्याला मागू दे. त्याने मागितला की फोन कर, इथून आकोटला जाणाऱ्याच्या हाती त्याच दिवशी पाठवते.

तुझ्या पाच पुस्तकांचं त्यानंतर बघू.

तुझी,
मावशी

ता. क. पत्रात दोनदा खोकल्याचा उल्लेख आहे आणि दोनदा ‘काही नाही’ असं लिहिलंस. पानपिंपळीची पुडी कागदांबरोबर ठेवली आहे, मधात उगाळून घे. फळ्याची धूळ पोरांना पुसायला लावू नको, स्वतःही ओल्या फडक्याने पूस. आणि त्या पोराचं हजेरीचं काय ते आजच कळव.