हुकमी डाव आणि शेवटाची मोकळीक

एखाद्या खेळाचा शेवट कोणत्या डावाने होणार हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर त्या खेळाला खऱ्या अर्थाने शेवट उरतो का? प्रश्न वरवर पाहता दूरचित्रवाणीवरील व्यावसायिक कुस्तीच्या शौकिनांपुरता आहे. परंतु कथा, नाटक किंवा अभंग शिकवणाऱ्यालाही तो टाळता येत नाही.

जालना जिल्ह्यातील टेंभुर्णी हे माझे गाव. नव्वदच्या दशकात केबल आली तेव्हा आमच्या पिढीसमोर एकाच वेळी दोन कुस्त्या उभ्या राहिल्या. एक जत्रेतली: हलगीच्या तालावर, रेवड्यांच्या आणि नारळाच्या जोडींपासून सुरू होऊन दिवस मावळताना मोठ्या इनामाच्या जोडीपर्यंत पोहोचणारी. दुसरी अमेरिकेतली, दोरांच्या चौकटीत रंगणारी. या दुसऱ्या कुस्तीत प्रत्येक मल्लाचा एक स्वतःचा, नाव असलेला अखेरचा डाव असे. अंडरटेकरचा टूमस्टोन, स्टोन कोल्डचा स्टनर, रॉकचा रॉक बॉटम. मल्लाचे नाव घेतले की डाव आठवे आणि डाव पडला की कुस्ती संपे. निकाल पूर्वनियोजित असतो हे आम्हाला पुढे कळले; पण त्यामुळे आमची गोडी कमी झाली नाही.

या गोडीचे मर्म रोलाँ बार्थ यांनी फार पूर्वी ओळखले होते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मायथॉलॉजीज’ या त्यांच्या पुस्तकातील पहिलाच निबंध कुस्तीवर आहे. ही कुस्ती क्रीडा नसून प्रयोग आहे, आणि प्रेक्षकाला निकालाच्या खरेपणाशी नव्हे, तर प्रत्येक क्षणाच्या स्पष्ट अर्थाशी कर्तव्य असते, असा त्यांचा आशय. या दृष्टीने पाहिले तर हुकमी डाव हे एक चिन्ह आहे. नाट्यशास्त्रातील पाच संधींपैकी शेवटची निर्वहण. तिचे काम हे चिन्ह एकट्याने करते.

मग अडचण कुठे येते? डाव ठरलेला असतो, ही खरी अडचण नव्हे. त्या डावाची पत राखण्यासाठी इतर सर्व डावांकडून कुस्ती संपवण्याची शक्ती काढून घेतली जाते, ही अडचण आहे. वीस मिनिटांच्या लढतीत कितीही आपटाआपटी झाली तरी प्रेक्षकाला पक्के माहीत असते, की अजून ‘तो’ डाव पडलेला नाही, म्हणजे अजून काही घडलेले नाही. कुस्तीचा मधला भाग केवळ भरणा ठरतो. शेवट मर्यादित होण्याआधी मध्य निष्प्रभ होतो.

या कोंडीतून सुटण्याचा एक मार्ग त्या कुस्तीनेच शोधला: हुकमी डाव बसूनही प्रतिस्पर्धी उठतो. २००९च्या रेसलमेनियामध्ये अंडरटेकर आणि शॉन मायकेल्स या दोघांनीही एकमेकांचे हुकमी डाव पचवले, तेव्हा प्रेक्षकांचा श्वास अडकला, कारण वचन मोडले गेले होते. परंतु वचन वारंवार मोडले की त्याचे वचनपण जाते. पुढे एक डाव पुरेना; दोन, तीन लागू लागले. २०१४ साली ब्रॉक लेस्नरने अंडरटेकरची रेसलमेनियातील २१ विजयांची अखंड मालिका संपवली ती तिसऱ्या एफ-फाइव्हनंतर. तो निकाल कोणाच्याही ध्यानीमनी नव्हता. शेवटचा डाव ओळखीचाच होता, शेवट मात्र अनोळखी होता. म्हणजे हुकमी डाव असूनही शेवटाला मोकळीक मिळू शकते. तो डाव फसू शकतो, हारू शकतो, एवढी शक्यता मात्र जिवंत हवी.

आपल्या मातीतल्या कुस्तीत ही शक्यता मुळातच आहे. हुकमी डाव इथेही असतात. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव ढाकेसाठी ओळखले जात. पण ढाक असो, घिस्सा असो, एकेरी पट असो की कलाजंग, प्रत्येक डावाला तोड असते आणि ती समोरच्यालाही शिकवलेली असते. डाव कितीही नामांकित असला तरी निकाल ठरतो तो पाठीला माती लागली की नाही यावर. २०२३च्या जानेवारीत पुण्यातील महाराष्ट्र केसरीत महेंद्र गायकवाड यांच्या ‘बाहेरची टांग’ या डावाला चार गुण दिले गेले आणि ते योग्य होते का, यावर गावोगावी वाद झाला. हरलेले सिकंदर शेख त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला शिवराज राक्षे यांना चितपट करून महाराष्ट्र केसरी झाले. २०२५ साली अहिल्यानगरला उपांत्य लढतीत दोन्ही खांदे टेकले की नाही, यावरून राक्षे यांचा पंचांशी वाद विकोपाला गेला, पंचांना लाथ मारण्यापर्यंत, आणि त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. त्या वर्तनाचे समर्थन कोणी करू नये. पण यातून एक गोष्ट दिसते: इथे डावाचे नाव कुस्ती संपवत नाही, शरीर आणि पाहणाऱ्याची नजर संपवते.

सादीच्या ‘गुलिस्तान’मधील वस्तादाला तीनशे साठ डाव येत, शिष्याला त्याने तीनशे एकोणसाठ शिकवले आणि आव्हान आले तेव्हा राखलेल्या डावाने त्याला उचलून आपटले. ही कथा आपल्याकडच्या तालमींतही वेगवेगळ्या रूपांत सांगितली जाते. तिथे शेवट अज्ञात डावाने होतो, दूरचित्रवाणीवर सर्वज्ञात डावाने. साहित्यातही हे दोन प्रकार आहेत. फडक्यांच्या तंत्राच्या कथेतील कलाटणी हा राखलेला डाव. पण वाचकाला कलाटणीची सवय झाली की राखलेला डावही हुकमी होतो. कलाटणी कोणती हे ठाऊक नसते, ती येणार हे ठाऊक असते. नवकथेने शेवट मोकळा सोडला त्यामागे हे एक कारण असावे असे मला वाटते.

याच्या उलट उदाहरण अभंगाचे. ‘तुका म्हणे’ किंवा ‘एका जनार्दनी’ हे शब्द आले की अभंग संपत आला हे कीर्तनातल्या पोरालाही कळते. इतकी ठाम नाममुद्रा जगातल्या कोणत्याही मल्लाकडे नसेल. तरीही एका अभंगाचा शेवट दुसऱ्यासारखा होत नाही, कारण मुद्रा केवळ वेळ झाल्याचे सांगते. काय म्हणायचे ते आधीच्या चरणांनी कमवावे लागते.

आज वर्गातील मुले दोन्ही कुस्त्या मोबाइलवर पाहतात, बहुधा शेवटची अर्धी मिनिटे तेवढी. कथेचेही तेच होते: गाईडमधून सारांश आणि शेवट हाती येतो, मध्य कोणी मागत नाही. अशा वेळी मला जत्रेतली बरोबरीत सुटलेली कुस्ती शिकवण्याच्या कामाची वाटते. पंच दोघांचे हात वर करतात, इनाम अर्धे अर्धे वाटले जाते. कोणाचाच हुकमी डाव चाललेला नसतो. आणि घरी परतणारी माणसे वाटभर बोलत राहतात ती नेमकी मधल्या दहा मिनिटांविषयी: पट कसा निघाला, तो कसा तोडला, मानेवरचा कस कोणाचा सुटला. सांगायला शेवट नसल्यामुळे त्यांना कुस्ती सांगावी लागते.