पिवळी ओळ

बालमित्रांनो, गणित चुकलं की तुम्ही काय करता? वहीवर हात ठेवून झाकता ना? खरं सांगू? मीसुद्धा एकदा तेच केलं!

माझ्या चौथीच्या वर्गाचे घटक चाचणीचे गुण मी संगणकावर, एक्सेलमध्ये भरते. बेरजेसाठी मी एक मॅक्रो लिहिला होता. मॅक्रो म्हणजे संगणकाला ओळीने लिहून दिलेल्या आज्ञा. तो एकेका मुलाचे गुण घेतो, बेरीज करतो आणि शेवटच्या रकान्यात लिहितो.

हजेरी क्रमांक 16 पर्यंत सगळं सुरळीत झालं. 17 वर गाडी अडली! पडद्यावर पाटी आली, 'रन-टाइम एरर 13, टाइप मिसमॅच'. रात्रीचे अकरा वाजलेले आणि निकाल सकाळी द्यायचा! मग ऐकीव युक्ती केली. मॅक्रोच्या सुरुवातीला 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' ही ओळ घातली. म्हणजे 'चूक आली तरी गप्प बस, पुढे चल.' झालं! पाटी गेली, रकाना भरला, मी निवांत झोपले.

सकाळी निकाल वाटला. थोड्या वेळानं 17 क्रमांकाची मुलगी टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "बाई, मी गणिताच्या पेपरला नव्हते. मग मला एवढे गुण कसे?"

पाहते तर काय, तिची बेरीज हुबेहूब 16 क्रमांकाची!

संध्याकाळी ती ओळ खोडली. पुन्हा तीच पाटी. या वेळी 'डीबग' बटण दाबलं. जिथे अडलं होतं, ती बेरजेची ओळ पिवळी झाली. मग 17 चे गुण नीट पाहिले. गणिताच्या रकान्यात मीच 'गैरहजर' असं लिहिलं होतं! शब्दाची आणि आकड्याची बेरीज होणार कशी? संगणकाजवळ आधीच्या मुलाची बेरीज तशीच उरली, आणि गप्प बसायला सांगितल्यामुळे त्यानं तीच पुढे लिहिली.

मग मॅक्रोला आधी विचारायला शिकवलं, 'हा आकडाच आहे ना?' नसेल तर बेरीज करायची नाही, 'गैरहजर' लिहायचं. एफ-8 दाबत एकेक ओळ चालवून पाहिली. दुसऱ्या दिवशी त्या मुलीला दुरुस्त निकाल दिला आणि सगळ्या वर्गासमोर माझी चूक सांगितली.

मुलांनो, ती पाटी मला रागवत नव्हती, कुठे अडलंय ते दाखवत होती. मी तिचंच तोंड बंद केलं!

आता आमच्या वर्गात कुणाचं गणित अडलं, की ते वही झाकत नाही. हात वर करून ओरडतं, "बाई, पिवळी ओळ!"